पीटीएची नोकरी सांभाळून ऑनलाइन पदवी घ्यावी का?

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. वय ३९. लग्न करून अमेरिकेत आले तेव्हा कोल्हापूरला बी.एस्सी.ची दोन वर्षे पूर्ण झाली होती. तिसरे वर्ष राहूनच गेले. मुले शाळेत जाऊ लागल्यावर इथल्या कम्युनिटी कॉलेजातून फिजिकल थेरपिस्ट असिस्टंटची, म्हणजे पीटीएची, असोसिएट (दोन वर्षांची) पदवी घेतली, परीक्षा देऊन परवाना मिळवला आणि गेली सहा वर्षे एका नर्सिंग होममध्ये पूर्णवेळ काम करते आहे. ग्रीन कार्ड आहे. काम मनापासून आवडते, आणि कॉलेजातून प्रशिक्षणासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवताना तर दिवस कसा सरतो ते कळत नाही. पण पगार एका जागी थांबला आहे. पुण्याची नणंद बीपीटी (फिजिओथेरपीची पदवीधर) आहे. ती म्हणते, ऑनलाइन पदवी घे म्हणजे तूही फिजिओथेरपिस्ट होशील. यजमान विचारतात, एवढा पैसा आणि कष्ट घालून हातात काय येणार? एका ऑनलाइन विद्यापीठाचा प्रतिनिधी सतत फोन करून अठरा महिन्यांत पदवी मिळेल असे सांगतो आहे. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रात तीन माणसांची तीन मते आहेत आणि तुमचे स्वतःचे मत मात्र शिकवण्याबद्दलच्या एका वाक्यात येऊन गेले आहे. त्या वाक्याकडे मी येणारच आहे, पण आधी नणंदेच्या आणि यजमानांच्या म्हणण्याचा निकाल लावू.

नणंदेचा सल्ला आपुलकीचा आहे, परंतु तो भारतातील व्यवस्थेला धरून आहे. महाराष्ट्रात बीपीटी झालेली व्यक्ती फिजिओथेरपिस्ट म्हणून कामाला लागते. अमेरिकेत या व्यवसायात प्रवेश देणारी पदवी पूर्वी बॅचलर होती, पुढे मास्टर्स झाली, आणि २०१६ पासून कॅप्टी ही अधिस्वीकृती देणारी संस्था फिजिकल थेरपिस्ट (पीटी, म्हणजे आपल्याकडचे फिजिओथेरपिस्ट) घडवणाऱ्या अभ्यासक्रमांपैकी फक्त डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, म्हणजे डीपीटी, देणाऱ्यांनाच मान्यता देते. त्यामुळे तुम्ही घ्याल ती ऑनलाइन पदवी हेल्थ सायन्सची असो, आरोग्य व्यवस्थापनाची असो किंवा मानसशास्त्राची, तिने तुमचा परवाना बदलत नाही. पदवी हातात आल्यानंतरही नव्या पेशंटचे पहिले इव्हॅल्युएशन फिजिकल थेरपिस्टच करणार, उपचारांचा आराखडाही तोच ठरवणार, आणि तुमच्या हातून झालेल्या उपचारांचे मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या पार्ट बीचे बिल १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या, फिजिकल थेरपिस्टच्या दराच्या ८५ टक्के दरानेच चुकते होणार. नर्सिंग होमच्या मालकाला तुमच्या एका तासाचे जे पैसे मिळतात ते पदवीमुळे वाढत नसतील, तर आहे त्याच कामासाठी तो पगार वाढवेल अशी अपेक्षा धरू नये. या अर्थाने यजमानांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

तरीही माझे मत विचाराल तर पदवी घ्यावी. मात्र ती कशासाठी घ्यायची हे विद्यापीठ निवडण्याच्या आधी ठरले पाहिजे. कारण १२० क्रेडिटांची (क्रेडिट म्हणजे विषयाचे वजन मोजणारे एकक) पदवी अनेक तऱ्हांनी पूर्ण करता येते. त्यांतल्या काही तऱ्हांनी पुढच्या शिक्षणाचा रस्ता मोकळा राहतो आणि काहींनी तो बंद होतो, आणि हे बहुधा शेवटच्या सत्रात लक्षात येते.

पदवीचा खरा उपयोग होतो अशी तीन ठिकाणे मला दिसतात. पहिले शिकवण्याचे. पीटीए अभ्यासक्रम चालवणाऱ्या कॉलेजांना अनुभवी पीटीए अध्यापक म्हणून हवे असतात. लॅबमध्ये विद्यार्थ्यांकडून ट्रान्सफर (पेशंटला एका जागेवरून दुसरीकडे हलवणे), गेट ट्रेनिंग (चालण्याचा सराव), गोनिओमेट्री (सांध्यांच्या हालचालीचे मोजमाप) करून घेण्यासाठी अर्धवेळ जागाही निघतात. परंतु पूर्णवेळ नेमणुकीसाठी अनेक कॉलेजे किमान बॅचलर पदवी मागतात, आणि अभ्यासक्रमाचे प्रमुख व्हायचे तर मास्टर्स लागते. तुमच्या पत्रातले ते एक वाक्य मला महत्त्वाचे वाटले ते यासाठी. नर्सिंग होममध्ये उत्पादकतेचा आकडा डोक्यावर असताना, एका हाताने पेशंटला धरून दुसऱ्या हाताने टॅबलेटवर नोंदी भरताना, शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला गेट बेल्ट (पेशंटला आधार द्यायचा कमरपट्टा) नेमका कुठे आणि का धरायचा हे समजावून सांगण्याचा उत्साह ज्या व्यक्तीजवळ सहा वर्षांनंतरही शिल्लक आहे, तिने हा मार्ग नुसता मनात ठेवू नये. त्यासाठी पदवीची वाट पाहण्याचेही कारण नाही. अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनचा क्लिनिकल इन्स्ट्रक्टरांसाठीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पीटीएंनाही खुला आहे. तो लहान आहे, खर्च बेताचा आहे आणि अध्यापनाच्या अर्जावर तो उठून दिसतो. तो आधी करा.

दुसरे ठिकाण व्यवस्थापनाचे. नर्सिंग होममधील डायरेक्टर ऑफ रिहॅब (थेरपी विभागाचा प्रमुख) हे पद अनेक ठिकाणी पीटीए सांभाळतात, हे तुम्ही पाहिले असेलच. फिजिकल थेरपिस्टच्या उपचारविषयक निर्णयांवर त्यांचा अधिकार नसतो, पण वेळापत्रक, नेमणुका, विम्याच्या मंजुऱ्या आणि हिशेब त्यांच्याकडे असतात. या पदासाठी पदवी दर वेळी सक्तीची नसते, मात्र एकाच जागेसाठी दोन उमेदवार असले की ती पाहिली जाते. त्याच्या पुढचा टप्पा म्हणजे नर्सिंग होम अॅडमिनिस्ट्रेटरचा परवाना. तिथे बहुतेक राज्यांत बॅचलर पदवी ही अटच आहे. मेडिकेअरने ऑक्टोबर २०१९ मध्ये नर्सिंग होमना पैसे देण्याची पद्धत बदलली, थेरपीच्या मिनिटांवर मिळणारी रक्कम थांबली आणि कित्येक थेरपिस्ट व पीटीएंचे तास एका रात्रीत कमी झाले. ते दिवस तुम्ही कामाच्या जागी जवळून पाहिले असतील. पेशंटजवळचे काम आवडत असले तरी त्याच्या जोडीला दुसरे काही येत असणे या क्षेत्रात शहाणपणाचे आहे, असे मला त्यामुळे ठामपणे वाटते.

तिसरे ठिकाण डीपीटी. अमेरिकी श्रम विभागाच्या मे २०२४ च्या आकडेवारीनुसार पीटीएचे मध्यम वार्षिक वेतन सुमारे ६५ हजार डॉलर आणि फिजिकल थेरपिस्टचे सुमारे १ लाख १ हजार डॉलर आहे. फरक मोठा दिसतो. पण डीपीटी म्हणजे साधारण तीन वर्षांचे पूर्णवेळ शिक्षण, तेवढ्या काळाचा बुडालेला पगार आणि वर फी. शिवाय ज्या ग्रॅड प्लस या सरकारी शैक्षणिक कर्जावर असे विद्यार्थी आजवर विसंबून राहत, ते १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद करण्याचे ठरले आहे. पूर्णपणे घरबसल्या होणारा डीपीटी अस्तित्वात नाही. ओहायोतील फिंडले विद्यापीठासारख्या अगदी मोजक्या ठिकाणी पीटीएंसाठी शनिवार-रविवारच्या वर्गांवर आधारलेला मार्ग आहे, आणि तिथेही प्रात्यक्षिके व क्लिनिकल प्रशिक्षण प्रत्यक्ष हजर राहूनच करावे लागते. तुमची मुले, घरचे उत्पन्न आणि तुमची ओढ पाहता डीपीटी हे आजचे ध्येय धरू नये, असे मी सांगेन. पण ते दार बंदही करू नये, आणि इथेच ऑनलाइन पदवीची निवड चुकू शकते.

डीपीटीच्या प्रवेशासाठी पदवी कोणत्याही विषयातली चालते. चालत नाही ती पूर्वतयारीच्या विषयांतली कसूर. जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांची प्रत्येकी दोन सत्रे लॅबसह, शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राची दोन सत्रे, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र, एवढे बहुतेक ठिकाणी मागतात. पीटीएच्या अभ्यासक्रमातील तांत्रिक विषय यात धरले जात नाहीत. लॅब ऑनलाइन केलेली काही विद्यापीठे मान्य करतात, काही करत नाहीत. जुन्या विषयांना पाच किंवा दहा वर्षांची मुदत लावणारी विद्यापीठेही आहेत, त्यामुळे कोल्हापूरला केलेले रसायनशास्त्र पदवीच्या क्रेडिटांसाठी उपयोगी पडले तरी डीपीटीच्या अटीसाठी पडेलच असे धरू नका. आणखी एक गोष्ट पत्रकांत ठळकपणे सांगितली जात नाही. वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीसारखी विद्यापीठे सहा महिन्यांच्या सत्रासाठी एकच फी घेतात आणि त्या काळात जमतील तेवढे विषय पूर्ण करू देतात. स्वतःच्या गतीने शिकणाऱ्यासाठी ती सोय चांगली आहे, पण तिथे अ, ब, क अशी श्रेणी मिळत नाही, केवळ उत्तीर्ण असा शेरा मिळतो. व्यवस्थापनाकडे जाणाऱ्याला याने काही अडत नाही. ज्याला पुढे डीपीटीच्या स्पर्धेत आपला जीपीए (श्रेणींची सरासरी) वर न्यायचा आहे, त्याच्या मात्र हाती त्यातून काही लागत नाही. म्हणून माझी सूचना अशी की पदवी ऑनलाइन घ्यावी, परंतु विज्ञानाचे लॅबचे विषय घेण्याची वेळ आलीच तर ते जवळच्या कम्युनिटी कॉलेजात, संध्याकाळच्या वर्गात, प्रत्यक्ष लॅबमध्ये उभे राहून करावेत.

आता क्रेडिटांकडे येतो, कारण पैसे आणि वर्षे दोन्ही इथे वाचतात. न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेजातून सरकारी विद्यापीठात जाताना क्रेडिटे पूर्ण मान्य व्हावीत असा राज्यव्यापी करार आहे, आणि त्याच्या भरवशावर अनेक जण निर्धास्त असतात. तो करार असोसिएट इन आर्ट्स आणि असोसिएट इन सायन्स या पदव्यांना लागू आहे. पीटीएची पदवी बहुधा असोसिएट इन अप्लाइड सायन्स असते आणि तिला ती हमी नाही; तुमच्या प्रमाणपत्रावर नेमके काय लिहिले आहे ते एकदा पाहून घ्या. हमी नसली म्हणजे क्रेडिटे वाया गेली असे मात्र होत नाही. किती मान्य करायची हे तेव्हा प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते, आणि एक विद्यापीठ जिथे तीस देते तिथे दुसरे सत्तर देऊ शकते. ट्रेंटन येथील थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी हे तुमच्याच राज्याचे सरकारी विद्यापीठ १९७२ मध्ये नोकरदार प्रौढांसाठीच स्थापन झाले. कम्युनिटी कॉलेजातील जास्तीत जास्त ९० क्रेडिटे ते पदवीत धरते, आणि क्लेपसारख्या, वर्गात न बसता क्रेडिट देणाऱ्या, परीक्षा देऊन मिळवलेली क्रेडिटेही मान्य करते. सदर्न न्यू हॅम्पशायर युनिव्हर्सिटीची बाहेरून आणलेल्या क्रेडिटांची मर्यादाही ९० आहे. क्लेपची एक परीक्षा शंभर डॉलरच्या आसपास पडते. इतिहास किंवा समाजशास्त्रासारखे विषय त्या वाटेने उरकता येतात. विज्ञानाच्या विषयांसाठी मात्र ती वाट धरू नका, कारण बहुतेक डीपीटी अभ्यासक्रम पूर्वतयारीच्या विज्ञान विषयांत परीक्षेने मिळवलेले क्रेडिट घेत नाहीत.

कोल्हापूरच्या दोन वर्षांचाही उपयोग करून घ्या. अर्धवट राहिलेले शिक्षण कामाचे नाही अशी आपल्याकडे समजूत आहे. अमेरिकेत पदवी पूर्ण नसली तरी उत्तीर्ण झालेल्या विषयांची क्रेडिटे मोजली जाऊ शकतात. त्यासाठी डब्ल्यूईएससारख्या, परदेशी शिक्षण तपासणाऱ्या, संस्थेकडून विषयवार मूल्यमापन करून घ्यावे लागते. कोणत्या संस्थेचा अहवाल चालेल हे आधी त्या विद्यापीठाला विचारा आणि मगच पैसे भरा. एक अनपेक्षित फायदाही आहे. सरकारचे पेल अनुदान ज्याने अजून बॅचलर पदवी घेतलेली नाही अशालाच मिळते, आणि भारतातील पदवीही सामान्यतः त्यात मोजली जाते. तुमची पदवी अपुरी राहिल्यामुळे आणि ग्रीन कार्ड असल्यामुळे तुम्ही त्यासाठी अर्ज करू शकता. २०२५-२६ साठी त्याची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे. कुटुंबाचे उत्पन्न आणि तुम्ही घेतलेले क्रेडिट यांनुसार ती कमी होते किंवा मिळतही नाही, पण फाफ्सा हा सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज विनामूल्य आहे आणि तो न भरण्याचे कारण नाही.

पैशांचे गणित उदाहरणाने पाहू. समजा, मूल्यमापनानंतर तुमची ७५ क्रेडिटे मान्य झाली आणि ४५ उरली, म्हणजे पंधरा विषय. एका क्रेडिटचा दर ३५० डॉलर धरला तर एकूण १५,७५० डॉलर होतात. नोकरी देणाऱ्या संस्थेने शिक्षणासाठी दिलेली वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची मदत करमुक्त असते. तुमची संस्था तेवढी देत असेल तर तीन वर्षांत, वर्षाला पाच विषय या गतीने, पदवी कर्जाविना पूर्ण होते. बऱ्याच संस्था यापेक्षा कमी देतात, आणि पदवीनंतर एक-दोन वर्षे नोकरी न सोडण्याची अट घालतात. सोडल्यास रक्कम परत करावी लागते. मनुष्यबळ विभागाकडून हे धोरण तोंडी ऐकून न घेता लेखी मागवा आणि परतफेडीचा परिच्छेद यजमानांसोबत बसून वाचा. स्वतःच्या खिशातून जो खर्च होईल त्यावर लाइफटाइम लर्निंग क्रेडिट, म्हणजे १० हजार डॉलरपर्यंतच्या खर्चाच्या २० टक्के करसवलत, मिळू शकते. संस्थेने करमुक्त भरलेल्या रकमेवर ती मागता येत नाही.

वेळेचे गणित अधिक कठोर आहे आणि प्रतिनिधीच्या अठरा महिन्यांचे उत्तर त्यात आहे. अमेरिकेत एका क्रेडिटमागे साधारण ४५ तासांचा अभ्यास अपेक्षित असतो. तीन क्रेडिटांच्या विषयाला १३५ तास. ऑनलाइन सत्रे बहुधा आठ आठवड्यांची असतात, म्हणजे एका विषयाला आठवड्याला सुमारे १७ तास. अठरा महिन्यांत पंधरा विषय करायचे तर जवळजवळ प्रत्येक सत्रात दोन विषय घ्यावे लागतील, म्हणजे पूर्णवेळ नोकरीवर आठवड्याला ३४ तास. दिवसभर पेशंटना उठवून-बसवून कंबर आणि खांदे भरून आलेल्या माणसाने रात्री दहाला लॅपटॉप उघडून हे करावे, असे सांगणाऱ्याला तुमचे काम ठाऊक नाही. ऑनलाइन वर्गाची रचनाही समजून घ्या. बुधवारपर्यंत चर्चेच्या पानावर स्वतःचे उत्तर, रविवार रात्रीपर्यंत दोन सहाध्यायांना प्रतिसाद, आणि मधल्या दिवसांत एक निबंध किंवा चाचणी, असा चक्राकार क्रम बहुतेक ठिकाणी असतो. सवड मिळेल तेव्हा शिका अशी जाहिरात असली तरी रविवारची रात्र चुकवता येत नाही. शनिवार-रविवारच्या पाळ्या तुमच्याकडे येत असतील तर ही गोष्ट पर्यवेक्षकाशी सत्र सुरू होण्याआधीच बोलून ठेवा. पहिल्या सत्रात एकच विषय घ्या, आणि तोही लिखाणाचा, कारण इतक्या वर्षांनंतर संदर्भ देऊन निबंध लिहिण्याचा हात बसायला वेळ लागतो. तो एकदा बसला की पुढचे विषय सोपे जातात. शरीरशास्त्र तुम्हाला कधीच अडवणार नाही.

त्या प्रतिनिधीशी आता फोनवर बोलणे थांबवा आणि ईमेलने तीन गोष्टी लेखी मागा. संस्थेची अधिस्वीकृती कोणाची आहे. तुमच्या भागात मिडल स्टेट्स कमिशनसारख्या संस्थेची अधिस्वीकृती असलेल्या विद्यापीठांची क्रेडिटे इतरत्र सामान्यतः चालतात. तुमच्या ट्रान्सक्रिप्टवरून (विषय व गुणांच्या अधिकृत नोंदीवरून) नेमकी कोणती क्रेडिटे मान्य होतील. हे प्राथमिक मूल्यमापन चांगली विद्यापीठे अर्ज भरण्यापूर्वीही करून देतात. आणि पदवीपर्यंतचा एकूण खर्च, तंत्रज्ञान शुल्क व पदवीदान शुल्कासह. यांपैकी एखाद्या गोष्टीवर टाळाटाळ झाली किंवा पीटीएपासून पीटीपर्यंत ऑनलाइन असे आश्वासन कोणी दिले, तर त्या विद्यापीठाचे नाव यादीतून काढून टाका.

विषय कोणता, याबद्दल माझा कल स्पष्ट आहे. तुम्ही हेल्थ सायन्स घ्या आणि ऐच्छिक विषयांत प्रौढशिक्षण किंवा अध्यापनशास्त्राचे जे मिळेल ते निवडा. याने कॉलेजातील नोकरीची आणि पुढच्या मास्टर्सची वाट सरळ होते, आणि एकदोन विषय व्यवस्थापनाचे घेतले तर नर्सिंग होमच्या अॅडमिनिस्ट्रेटरकीचा विचारही करता येतो. नुसती व्यवस्थापनाची पदवी तुम्ही घेऊ नये असे मला वाटते. तुमच्या पत्रात हिशेब आणि वेळापत्रकांबद्दल एक शब्दही आलेला नाही.

या आठवड्यात सुरुवात शिवाजी विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टपासून करा. कोल्हापुरात माहेरचे कोणी असेल तर त्यांना तुमच्या दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिकांच्या प्रती आणि अधिकारपत्र पाठवा, आणि ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडे गेली पाहिजे, घरी मागवलेली चालणार नाही, हे त्यांना नीट समजावून सांगा. या कामाला महिने लागू शकतात. तोवर क्लिनिकल इन्स्ट्रक्टरचा अभ्यासक्रम पूर्ण होईल, मनुष्यबळ विभागाचे लेखी धोरण हाती येईल, आणि जिथे तुम्ही पीटीए झालात त्या कॉलेजाच्या अभ्यासक्रम प्रमुखांना भेटून अर्धवेळ लॅब अध्यापकासाठी ते काय पाहतात हे विचारून घेता येईल. मूल्यमापनाचा अहवाल आला की नेमकी किती क्रेडिटे उरली ते मला कळवा. कोणते विषय कोणत्या क्रमाने घ्यायचे हे आपण तेव्हा पाहू.